प्रकल्प नोंदी: ‘१९६९ चं ३५०’ विकत घेण्याआधी

११ जानेवारी. काय हवंय

गाडी १९६९ ची, शेव्हरले, मूळ इंजिन नाही. हवंय त्याच वर्षाचं स्मॉल-ब्लॉक व्ही-८, ३५० घनइंची. समोर आलेल्या इंजिनाचं वर्णन असं: ‘१९६९ चं ३५०, ३०० अश्वशक्ती, चार बोल्टच्या मेन कॅप, कॅमल-हंप हेड, बोअर स्टँडर्ड.’ (मेन कॅप म्हणजे क्रँकची, इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याची, बेअरिंगं धरणाऱ्या टोप्या; हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, आणि कॅमल-हंप म्हणजे त्याच्या टोकावरची दोन उंचवट्यांची खूण; बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास.) या एका ओळीत सहा दावे आहेत. प्रत्येक वेगळा तपासायचा, कारण एक खरा निघाला म्हणून बाकीचे पाच खरे ठरत नाहीत.

घोळ होतो तो इथे. १९५५ च्या २६५ घनइंचीपासून पुढची सगळी स्मॉल-ब्लॉक बाहेरून जवळपास एकसारखी दिसतात. फरक आत, बोअर आणि स्ट्रोकमध्ये (पिस्टन वरखाली जातो ते अंतर). २८३ मध्ये बोअर ३.८७५ इंच, स्ट्रोक ३.००. ३०७ मध्ये बोअर तोच, स्ट्रोक ३.२५. ३०२, ३२७ आणि ३५० या तिघांचा बोअर अगदी एकच, ४.०० इंच, स्ट्रोक अनुक्रमे ३.००, ३.२५ आणि ३.४८. ३०५ चा स्ट्रोक ३५० चाच, पण बोअर ३.७३६. त्यामुळे नुसता बोअर मोजून ३५० सिद्ध होत नाही आणि नुसता स्ट्रोक मोजूनही नाही. दोन्ही लागतात.

४०० त्यातल्या त्यात लवकर ओळखू येतं: ब्लॉकच्या प्रत्येक बाजूला कोअर प्लगच्या (ओतकामाची भोकं बुजवणाऱ्या झाकणांच्या) तीन जागा, आणि पुढच्या बॅलन्सरला (क्रँकच्या टोकावरच्या, थरथर कमी करणाऱ्या चाकाला) आतून कापलेला असमतोल भाग. बाकीच्यांना बाजूला दोनच प्लग असतात.

पुराव्याचा क्रम ठरवून घेतला. आधी बिडात ओतलेले अंक, मग ठोकलेले ठसे, मग मापं. बोल्टने बसणाऱ्या वस्तू सगळ्यात शेवटी. कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, टॅपेट कव्हर, एवढंच काय हेडसुद्धा अर्ध्या दिवसात बदलता येतं. जाहिरातीत मात्र नेमक्या याच गोष्टी चमकवलेल्या असतात.

१४ जानेवारी. फोटोवरून

विकणाऱ्याकडून पाच फोटो मागवले: ब्लॉकच्या मागच्या डाव्या फ्लँजवरचा (गिअरबॉक्स जोडतात त्या कडेवरचा) ओतीव क्रमांक, मागच्या उजव्या फ्लँजवरची ओतकामाची तारीख, उजव्या हेडच्या पुढचं ठशांचं पॅड, दोन्ही हेडची पुढची टोकं, कार्बोरेटरवरचा क्रमांक. डावं-उजवं नेहमी गाडीत बसून पुढे पाहताना जसं दिसतं तसं धरायचं.

चार आले. उजव्या हेडचं टोक अल्टरनेटरच्या ब्रॅकेटमागे असल्याने दिसत नाही, असं उत्तर आलं. नोंद करून ठेवली.

ओतीव क्रमांक ३९७००१० वाटतो. ‘वाटतो’ म्हणायचं कारण, शेवटून दुसऱ्या अंकावर ग्रीसचा थर आहे. हा अंक साधा नाही. ३९७००१० हा ४.०० इंच बोअरचा ब्लॉक. ३९७००२० हा ३०७ चा. एक आणि दोन यांच्यात फक्त ग्रीस. ३९७००१४ हाही ३५० चाच, पण तो सत्तरच्या दशकातला. फोटोवर भरवसा ठेवून पुढे जायचं नाही.

क्रमांक ०१० चाच निघाला तरी एवढंच कळतं की बोअर ४.०० आहे. १९६९ मध्ये याच ओतकामातून ३०२, ३२७ आणि ३५० अशी तिन्ही इंजिनं बनली. आणि हा ब्लॉक १९६९ ला सुरू होऊन सत्तरचं दशक संपेपर्यंत ओतला जात होता.

कार्बोरेटर रॉचेस्टर क्वाड्राजेट, क्रमांकाची सुरुवात ७०२९. साठच्या दशकातल्या क्वाड्राजेटवर ७०२ नंतरचा अंक वर्षाचा: ७०२८ म्हणजे १९६८, ७०२९ म्हणजे १९६९. पुढे ७०४० पासून १९७०. १९७६ पासून १७०५६, १९७९ चा १७०५९. तेव्हा हा कार्बोरेटर खरोखर १९६९ चा आहे. कार्बोरेटर.

१९ जानेवारी. पहिली पाहणी

सोबत नेलं: टॉर्च, दंतवैद्याचा असतो तसा छोटा आरसा, केरोसीन, चिंध्या, प्लास्टिकची खरवडणी, खडू, पातळ कागद, पेन्सिल, तारेचा ब्रश. तारेचा ब्रश फक्त ओतीव अंकांसाठी. ते उठावाचे असतात, त्यांना काही होत नाही. पॅडवर तो चुकूनही लावायचा नाही.

मागचा डावा फ्लँज घासून साफ केला. अंकांवर कागद दाबून पेन्सिल आडवी घासली. ३९७००१० स्वच्छ उमटलं. आरशात वाचताना अंक उलटे दिसतात आणि घाईत चूक होते. कागदावरचा ठसा चुकत नाही आणि घरी परत पाहता येतो.

उजव्या बाजूला तारीख: बी १४ ९. अक्षर महिन्याचं, ए जानेवारीपासून एल डिसेंबरपर्यंत. आय वगळलेलं नाही, तो सप्टेंबर. मग तारीख, मग वर्षाचा फक्त शेवटचा अंक. म्हणजे १४ फेब्रुवारी, आणि वर्ष नऊ. विकणारा म्हणतो १९६९. पण ०१० ब्लॉक १९७९ मध्येही ओतला जात होता आणि तेव्हाही शेवटचा अंक नऊच पडायचा. पुढचा सगळा तपास या एका नऊभोवती फिरणार.

बाहेरून दिसणाऱ्या खुणांनी काही वर्षं लगेच बाद होतात. डिपस्टिक डाव्या बाजूला आहे. १९८० पासून ती उजवीकडे गेली. टॅपेट कव्हरचे बोल्ट कडेने आहेत. १९८७ पासून ते मधोमध आले. क्रँकच्या मागच्या फ्लँजवरच्या बोल्टच्या वर्तुळाचा व्यास ३.५८ इंच, म्हणजे साधारण ९१ मिमी. १९८६ पासून एकसंध मागचं सील आलं आणि हा व्यास ३.०० इंच झाला. हेडच्या टोकांना ब्रॅकेटसाठी आट्यांची भोकं आहेत, ती १९६९ पासून आली. हे सगळं १९६९ शीही जुळतं आणि १९७९ शीही.

पॅड. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकचा जो सपाट तुकडा उरतो, तिथे इंजिन जोडल्याचा ठसा असतो. केरोसीनने भिजवून दहा मिनिटं थांबलो, मग प्लास्टिकने रंग उचलला. एमरी पेपर लावला असता तर ठशासोबत मूळ पृष्ठभागही गेला असता, आणि खरा माल संशयास्पद दिसू लागला असता.

दिसतंय ते असं: व्ही ०३०२, त्यापुढे दोन अक्षरं, मग अल्टरनेटरचं ब्रॅकेट. व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना (टी टोनावांडा, के कॅनडातलं सेंट कॅथरिन्स). ०३०२ म्हणजे २ मार्चला इंजिन जोडलं. या ठशात वर्ष नसतंच. ओतकाम १४ फेब्रुवारी, जोडणी २ मार्च, मधे सोळा दिवस. क्रम बरोबर आहे. जोडणीची तारीख ओतकामाच्या आधीची निघाली असती तर तिथेच थांबलो असतो.

विकणाऱ्याच्या फोटोत दोन अक्षरं दिसतात आणि दोन अक्षरांचा कोड १९६९ शी जुळतो. १९७० पासून तीन अक्षरं ठोकू लागले: सीटीबी हा १९७० च्या कॅमॅरो झी-२८ चा, आणि टी ने सुरू होणारे ट्रकचे. त्यामुळे ब्रॅकेटखाली काय आहे हे पाहिल्याशिवाय काही बोलता येत नाही. अल्टरनेटर सोडायला विकणाऱ्याने त्या दिवशी नकार दिला. पुढच्या खेपेला परवानगी आहे.

पॅडचा पृष्ठभाग मात्र चांगला आहे. टॉर्च जवळजवळ आडवा धरला की इंजिनाच्या लांबीच्या दिशेने बारीक समांतर रेघा दिसतात. कारखान्यात डेकवर (हेड बसतं त्या पृष्ठभागावर) ब्रोच (दात्यांचं कापायचं हत्यार) फिरवताना पडलेल्या या रेघा आहेत. डेक नंतर घासला असता तर त्या जाऊन कटरचे गोल चाप दिसले असते, आणि ग्राइंडर फिरवून नवा ठसा ठोकला असता तर वेड्यावाकड्या ओरखड्यांचा पट्टा. इथे रेघा अक्षरांखालून सलग जातात. ठसा मूळचा आहे.

जोडणीच्या कोडशेजारी गाडीच्या क्रमांकाचा संक्षेप आहे, थोडा वाकडा आणि उथळ. त्यात संशयास्पद काही नाही. तो वेगळ्या वेळी वेगळ्या हाताने ठोकला जायचा. सुरुवात १९, मग एन. एक म्हणजे शेव्हरले, नऊ म्हणजे वर्ष, एन म्हणजे नॉरवूडचा कारखाना. पुन्हा तोच नऊ, आणि नॉरवूड दोन्ही दशकांत चालू होतं. पुढचे सहा अंक नोंदवहीत आहेत; ते असे उघड लिहू नयेत.

२६ जानेवारी. दुसरी पाहणी: ब्रॅकेट, प्लग, कॉम्प्रेशन

अल्टरनेटरचं ब्रॅकेट सोडलं. खाली तिसरं अक्षर होतं, खोल आणि स्पष्ट, पहिल्या दोघांच्या ओळीत.

त्याच ब्रॅकेटमागे उजव्या हेडचं टोकही होतं. डाव्या हेडच्या टोकावर दोन उंचवट्यांची ‘कॅमल-हंप’ खूण आहे, जाहिरातीतल्यासारखी. उजव्यावर ती नाही.

मग प्लग काढायला घेतले आणि आणखी एक गोष्ट समोर आली. डाव्या बाजूचे चारही प्लग १३/१६ इंची सॉकेटने निघाले, प्रत्येकाखाली वॉशर. तेच सॉकेट उजव्या बाजूला सैल फिरू लागलं. तिथे ५/८ चं लागलं, आणि ते प्लग वॉशरशिवाय, तिरप्या बैठकीचे. १९७० पर्यंतच्या हेडना वॉशरवाले मोठे प्लग लागतात, १९७१ पासूनच्यांना तिरप्या बैठकीचे छोटे. एका इंजिनाला दोन सॉकेट लागली तर टॅपेट कव्हर न उघडताही कळतं की हेडची जोडी एकत्र जन्मलेली नाही. हातात दोन्ही सॉकेट घेऊनच जावं.

कॉम्प्रेशन. स्मॉल-ब्लॉकचा स्टार्टर बेलहाउसिंगला नाही, थेट ब्लॉकला खालून बसतो. त्यामुळे फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या मागची दातेरी तबकडी) लावलेली असेल तर इंजिन गाडीबाहेरही फिरवता येतं. फ्लेक्सप्लेट दोन आकारांच्या, १५३ दात आणि १६८ दात. पहिलीच्या स्टार्टरचे दोन बोल्ट सरळ रेषेत, दुसरीच्या स्टार्टरचे मागेपुढे. चुकीचा स्टार्टर लावला तर दात घासतात, म्हणून आधी दात मोजायचे. इंजिन लोखंडी घोडीवर साखळीने बांधलं, कारण स्टार्टरच्या झटक्याने ते कलंडू शकतं.

आठही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, पूर्ण चार्ज बॅटरी, प्रत्येक सिलिंडरला सहा फुंका. सिलिंडरांचे नंबर डावीकडे १-३-५-७, उजवीकडे २-४-६-८. थंड इंजिनावरचे आकडे, पौंडात:

१: १५८, ३: १६०, ५: १५५, ७: १६०.
२: १३८, ४: १३५, ६: १४०, ८: ११२.

आठ नंबर बाजूला ठेवला तरी डावी बाजू उजवीपेक्षा वीसेक पौंड वर. रिंगा अशा बाजू निवडून झिजत नाहीत. संपूर्ण बाजू सारख्या फरकाने खाली असेल तर कारण हेडमध्ये शोधावं, म्हणजे ज्वलनकक्षाच्या आकारात.

आठमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा फिरवलं: ११५. रिंगा गळत असत्या तर आकडा बराच वर गेला असता. मग लीक-डाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा सोडून गळती मोजणं. पिस्टन वरच्या बिंदूवर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, फ्लेक्सप्लेटला टॉमी अडकवून हवा सोडली. हवा लागली की पिस्टन खाली ढकलला जातो आणि टॉमी हातातून सुटते, तेव्हा तोंड आणि बोटं बाजूला. आठमध्ये गळती २८ टक्के, आणि फुसफुस एक्झॉस्टच्या तोंडातून. बाकीचे सात ९ ते १४ टक्क्यांत, हवा तेल भरायच्या तोंडातून, म्हणजे रिंगांची साधी झीज. पाण्याच्या तोंडाशी एकही बुडबुडा नाही.

प्लगच्या भोकातून बोअरस्कोप घातला. पिस्टनच्या माथ्यावर उथळ गोल खळगा, ओव्हरसाइजचा (बोअर वाढवल्याचा) आकडा कुठेही नाही. १९६९ च्या १०.२५ पट कॉम्प्रेशनच्या इंजिनात असा खळगा खपणार नाही.

प्लगच्या भोकातून तार घालून स्ट्रोक मोजायची एक प्रथा आहे. या इंजिनात ती करू नये. भोक तिरपं आहे, तार पिस्टन आणि भिंतीच्या मधे अडकते, आणि मिळणारा आकडा तारेच्या वाकण्याचा असतो.

२७ जानेवारी. टॅपेट कव्हर उघडली

डावं हेड: ३९४७०४१. कक्ष ६४ सीसी, तारीख एल ५ ८, म्हणजे १९६९ मॉडेलच्या काळाशी जुळणारी. हे हेड अस्सल आहे.

उजवं हेड: ३३३८८२. कक्ष ७६ सीसी, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातलं, ओतकाम पातळ, आणि तडकण्याबद्दल बदनाम. तारीख ए २९ ९.

या बारा सीसींनी काय होतं ते हिशेबाने पाहू. ३५० च्या एका सिलिंडरचं घनफळ ७१६.६ सीसी. १०.२५ कॉम्प्रेशनसाठी वरची एकूण मोकळी जागा ७७.५ सीसी लागते. त्यात बारा मिळवले की ८९.५, आणि कॉम्प्रेशन उतरून ९.० होतं. सव्वा अंकाचा फरक. खळग्याच्या पिस्टनमुळे इथे दोन्ही बाजूंचे आकडे याहून खाली, पण अंतर साधारण तेवढंच. म्हणजे इंजिनाची एक बाजू एका कॉम्प्रेशनवर आणि दुसरी दुसऱ्या. ते चालतं, पण आयडलला थरथरतं, आणि टायमिंग कोणत्या बाजूच्या सोयीने लावायचं हा प्रश्न सुटत नाही. कुणीतरी एक तडकलेलं ८८२ काढून हाताला लागलं ते ०४१ बसवलं असावं. जाहिरातीत फोटो अर्थातच त्या बाजूचा.

२ फेब्रुवारी. कोणता नऊ

ओतीव तारीख: १९६९ किंवा १९७९. गाडीचा संक्षेप: १९६९ किंवा १९७९. जोडणीचा कोड: तीन अक्षरं, म्हणजे १९७९. इथेच प्रकरण मिटतं, पण वर्षाचा दावा खोडायचा तर दुसरा स्वतंत्र पुरावा असलेला बरा.

रंग. शेव्हरलेची इंजिनं १९७६ पर्यंत नारिंगी यायची, १९७७ पासून निळी. हे इंजिन नारिंगी आहे, पण रंग ताजा आहे, आणि रंगवताना माणूस पोहोचेल तिथेच पोहोचतो. पाण्याचा पंप सोडून ब्लॉकच्या तोंडावरचा, पंपाच्या बैठकीशेजारचा खोलगट कोपरा नखाने खरवडला. नारिंगी पापुद्रा पोपड्यासारखा निघाला आणि खाली निळा. पेट्रोल पंपाच्या बैठकीमागेही निळा, आणि त्याखाली थेट बीड. निळ्याखाली नारिंगी कुठेच नाही.

कॅलेंडरही पाहून घेतलं. २ मार्च १९६९ हा रविवार होता. २ मार्च १९७९ शुक्रवार. कारखाना रविवारी चालू असू शकतो, म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नाही. पण तीन अक्षरं आणि निळा रंग यांच्या शेजारी हा शुक्रवार शोभून दिसतो.

ब्लॉक १९७९ चा. ठसा खोटा नाही, अंक खोटे नाहीत, ब्लॉकवर कुणी काही ठोकलेलं नाही. १९६९ चं एक हेड आणि १९६९ चा कार्बोरेटर १९७९ च्या ब्लॉकवर बसला, आणि शेवटच्या नऊने उरलेलं काम केलं. विकणाऱ्याला हे कागदावरच्या ठशासकट दाखवलं. त्याने जाहिरात बदलली.

मूळ इंजिन जुळवायचं असतं तर व्यवहार इथेच संपला असता. १९६९ च्या गाडीत १९७९ चा ब्लॉक सरळ बसतो, माउंट तेच, बेलहाउसिंग तेच. फक्त तो ‘त्या वर्षाचा’ म्हणून विकत घ्यायचा नाही. पुढची तपासणी नव्या वर्णनावर: ‘१९७९ चा ३५० ब्लॉक, हेड बेजोड.’

९ फेब्रुवारी. सम्प (तळाची तेलाची परात) काढला

चार बोल्ट की दोन, हे बाहेरून कळत नाही. ०१० ब्लॉक दोन्ही प्रकारांत आला, त्यामुळे ओतीव क्रमांकावरून चार बोल्ट सांगणारा अंदाजाने बोलतोय. पाहायचं मधल्या तीन कॅपवर, २, ३ आणि ४. पहिल्या आणि पाचव्या कॅपला नेहमी दोनच असतात. पहिली कॅप पाहून निराश होणारे आणि पाचवी पाहून भांडणारे, दोघेही चुकतात.

इथे मधल्या तिन्हींना दोन-दोन. दावा खोटा. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला दोन बोल्ट पुरतात, पण किंमत चार बोल्टची सांगितली होती, तेव्हा तेवढी उतरवून घेतली.

क्रँकच्या तोल साधणाऱ्या वजनावर ओतीव क्रमांक ३९३२४४२, म्हणजे ३.४८ स्ट्रोकचा ओतीव क्रँक. कडेची जोडरेघ बारीक आणि सरळ, म्हणूनही ओतीव. घडीव क्रँकवर ही रेघ रुंद, घासून सपाट केलेल्या पट्ट्यासारखी असते. मेन जर्नल (क्रँकचा मेन बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) २.४५ इंच. हे माप १९६९ च्या ३२७ लाही तेवढंच असल्याने जर्नलवरून ३२७ आणि ३५० वेगळे होत नाहीत. क्रँकच्या क्रमांकाने मात्र होतात. जुने छोट्या जर्नलचे क्रँक २.३० चे, ४०० चे २.६५ चे.

सम्पच्या तळाशी चुंबक फिरवला: करडी बारीक भुकटी, तुकडे नाहीत. तीन नंबरची कॅप उतरवली. बेअरिंगच्या मध्यभागी तांबूस पट्टा दिसायला लागलाय. बदलायची वेळ झाली आहे, क्रँकला नख अडकत नाही.

तडे शोधले. थंड प्रदेशात पाणी गोठून फुटलेला ब्लॉक बाहेरच्या पाण्याच्या कप्प्यावर, माउंटच्या वरच्या भागात आडवा चिरतो, आणि आतून लिफ्टरच्या खोबणीतही. ताजा नारिंगी रंग अशा रेघा झाकतो, म्हणून तिथे रंग काढूनच पाहिलं. काही नाही. कोअर प्लग जागेवर, बाहेर ढकललेले नाहीत.

टायमिंग कव्हरमागे ब्लॉकच्या तोंडावर ‘०१०’ असा वेगळा ओतीव आकडा आहे. त्यावरून बिडातल्या कथिल-निकेलचं प्रमाण सांगून जास्त पैसे मागतात. असल्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. भिंतीची जाडी मोजून घ्यावी.

१६ फेब्रुवारी. ताबा घेतला, हेड उतरवली

बोअर गेजने आठही सिलिंडर, प्रत्येकी तीन उंचीवर, दोन दिशांनी. सगळ्यात वाईट आठ नंबर: कडेच्या उंचवट्याखाली, क्रँकला काटकोनात १०१.७२ मिमी, तळाशी १०१.६३. मूळ माप १०१.६०. उंचवट्याला नख अडकतं. बोअर स्टँडर्ड हा दावा खरा. सहातला तो आणि ‘३५०’, असे दोनच टिकले, आणि अर्धं कॅमल-हंप.

स्ट्रोक डेकवरून डेप्थ गेजने, वरचा बिंदू ते खालचा बिंदू: ८८.४ मिमी. १०१.६ चा बोअर आणि ८८.३९ चा स्ट्रोक, आठ सिलिंडर, ५,७३३ सीसी. ३२७ असता तर स्ट्रोक ८२.५५ आणि घनफळ ५,३५४ सीसी आलं असतं.

८८२ हेड: आठ नंबरच्या एक्झॉस्ट सीटची कड जळालेली, आणि तिथून प्लगच्या भोकाकडे केसासारखी रेघ. चुंबकीय भुकटी टाकल्यावर ती सलग उठली. हेड भंगारात. ०४१ ची व्हॉल्व्ह मापं १.९४ आणि १.५० इंच, तडा नाही; दुसरं ०४१ मिळेपर्यंत तेल लावून गुंडाळून ठेवलं. एकटं ०४१ लावून दुसऱ्या बाजूला भलतंच हेड चढवायचं नाही, तो प्रयोग कुणीतरी आधीच केला आहे. जोडी जमली की खळग्याचे पिस्टनही बदलायचे.

ब्लॉक ०.०३० इंच वाढवायचा, म्हणजे १०२.३६ मिमी, घनफळ ५,८१९ सीसी. बोअर करण्याआधी भिंतींची जाडी अल्ट्रासोनिकने मोजायची, खास करून आठ नंबरची बाहेरची बाजू. ओतताना गाभा सरकलेला असेल तर एका बाजूची भिंत पातळ निघते.

मशीन शॉपसाठी ब्लॉकला बांधलेल्या पत्र्यावर खिळ्याने कोरलं: ३९७००१०, बी १४ ९, १९७९, दोन बोल्ट, ०.०३०. पॅडवर ग्रीस, त्यावर टेप. डेक घासायचा असेल तर कटर पॅडच्या अलीकडे थांबवायचा, ती तीन अक्षरं आणि ब्रोचच्या रेघा तशाच ठेवून. तोंडी सांगितलेलं विसरतात, म्हणून हेही त्याच पत्र्यावर कोरलं.